पडद्यावरचा वर्ग आणि सोलापूरचे वसतिगृह

शिक्षणाच्या नव्या साधनांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, जगातले उत्तमोत्तम प्राध्यापक आता मोबाईलच्या पडद्यावर आले आहेत, तेव्हा खेड्यातला आणि शहरातला, दलित आणि सवर्ण असा विद्यार्थ्यांमधला भेद आपोआप मिटेल. दुसरे मत असे की, हे सारे शहरी मध्यमवर्गाचे कौतुक आहे. आपल्या मुलांच्या पदरात त्यातून काही पडणार नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. ही दोन्ही मते साधनाकडे पाहतात. शिकणारा माणूस कुठे बसतो, कुणाच्या सोबतीने शिकतो, घरी काय खातो आणि कोणत्या भाषेत विचार करतो, हे प्रश्न दोन्ही मतांत सुटून जातात. प्रस्तुत लेखात विद्यापीठातला एखादा अभ्यासक्रम ह्या नव्या साधनांनी शिकवावयाचा झाल्यास त्याची रीत कोणती, त्यातले धोके कोणते आणि आपण काय मागितले पाहिजे, ह्याचा सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात विचार करावयाचा आहे.

सोलापूरचा संदर्भ घेण्याला कारण आहे. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक काम सोलापुरात झाले. ४ जानेवारी १९२५ रोजी येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांच्या अन्नवस्त्राची, निवाऱ्याची आणि वह्या-पुस्तकांची व्यवस्था सभा करीत असे. सोलापूर नगरपालिका त्याला दरमहा ४० रुपये अनुदान देई. तेथल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालविले.

ह्या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. १९२५ साली सोलापुरात हायस्कुले होती. कायद्याने त्यांची दारे अस्पृश्य मुलांना बंद नव्हती. तरीही बाबासाहेबांनी आधी वसतिगृह काढले, कारण शाळेचे दार उघडणे आणि त्या दारातून आत गेलेले मूल आत टिकणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी ओळखले होते. गावाहून आलेल्या मुलाला शहरात भाड्याने खोली मिळत नव्हती. खाणावळीत पान मिळत नव्हते. अभ्यासाला दिवा नव्हता. वसतिगृहाने ह्या अडचणी दूर केल्या आणि त्याखेरीज आणखी एक गोष्ट दिली: आपल्यासारख्याच, शिकू पाहणाऱ्या दहा-वीस मुलांची सोबत. नव्या साधनांचा विचार करताना हे वसतिगृह सतत डोळ्यांसमोर ठेवावे, एवढेच ह्या लेखाचे म्हणणे आहे. पडद्यावरचा वर्ग म्हणजे उघडलेले दार होय. त्यामागे वसतिगृह उभे नसेल, तर दार उघडे असूनही आपली मुले बाहेरच राहतील.

साधने कोणती?

ऑनलाइन शिक्षण हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्याच्या पोटात दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट थेट वर्गाची. प्राध्यापक झूम किंवा गूगल मीटवर बोलतात आणि विद्यार्थी त्याच वेळी आपापल्या घरी बसून ऐकतात. दुसरी गोष्ट नोंदलेल्या पाठाची. व्याख्यान, मजकूर, प्रश्न आणि चर्चा एका ठिकाणी ठेवलेली असते. विद्यार्थी आपल्या सवडीने तेथे येतो, वाचतो, ऐकतो, उत्तर लिहितो आणि जातो. हे ठिकाण सांभाळणाऱ्या व्यवस्थांपैकी मूडल ही २००२ साली निघालेली मुक्त प्रणाली आहे. ती कोणत्याही महाविद्यालयाला विनामूल्य घेता येते आणि आपल्याच यंत्रावर बसवता येते. तिच्या मोबाईल ॲपमध्ये पाठ उतरवून घेतला, की पुढे इंटरनेट नसतानाही तो वाचता येतो. २०१४ साली आलेले गूगल क्लासरूम वापरायला अधिक सोपे आहे. मात्र त्याची मालकी आणि त्यातली माहिती कंपनीच्या हाती राहते. आणि आपल्याकडे प्रत्यक्षात सर्वांत अधिक वर्ग चालतात ते व्हॉट्सॲपच्या गटांवर.

सरकारचे स्वयम् हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ पाठ, वाचनाचा मजकूर, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनी पदवीच्या एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून घेण्यास परवानगी दिली. २०२१ साली ही मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. पदवीचा जवळजवळ निम्मा भाग पडद्यावरून येऊ शकतो, अशी तरतूद झालेली आहे.

दूरशिक्षणाचा मागचा अनुभव

दुरून शिकवण्याचा प्रयोग नवा नाही. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले. लोकांच्या आठवणीत ते दूरचित्रवाणीचे विद्यापीठ म्हणून राहिले. वस्तुतः त्याचा कणा दूरचित्रवाणी नव्हती. गावोगावची अभ्यासकेंद्रे, उत्तरपत्रिकेवर शेरे लिहून ती टपालाने परत पाठवणारे मार्गदर्शक शिक्षक आणि उन्हाळ्यातली निवासी शिबिरे ह्यांच्यावर ते उभे होते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दूरदर्शनवर उच्चशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. त्यांत चांगले कार्यक्रम होते; परंतु शंका विचारायला कुणी नव्हते, आणि बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत होते. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. त्याने मराठीतून पुस्तके लिहून घेतली, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली, आणि शिक्षण सुटलेल्या हजारो नोकरदार, शेतमजूर व गृहिणी पदवीपर्यंत पोहोचल्या. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे ह्यांनी ह्याच विद्यापीठात अध्यापन केले.

अमेरिकेतला अनुभवही बोलका आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे राज्य विद्यापीठाने उडॅसिटी ह्या कंपनीबरोबर प्राथमिक गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालविले. उत्तीर्णांचे प्रमाण प्रत्यक्ष वर्गांच्या मानाने इतके खाली आले, की त्याच वर्षी जुलै महिन्यात प्रयोग थांबवावा लागला. शिकणाऱ्यांत गरीब वस्तीतल्या शाळेची मुलेही होती आणि त्यांपैकी काहींजवळ संगणकच नव्हता. जे आधीच शिकलेले आहेत, ज्यांना एकट्याने शिकण्याची सवय आहे, त्यांना नोंदलेला पाठ पुष्कळ देतो. जे पहिल्या पिढीत शिकत आहेत त्यांना त्याबरोबर माणूस लागतो. सर्व अनुभवांचे सार हेच आहे.

सोलापूर जिल्ह्याचे चित्र

सोलापूरची महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेच्या एका चुकीसाठी दोनशे किलोमीटरहून दूर जावे लागे. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ जवळ आले हे खरे, पण जिल्हा मोठा आहे. करमाळ्याचा, सांगोल्याचा किंवा अक्कलकोटच्या सीमेवरचा विद्यार्थी अजूनही एस.टी.च्या वेळेवर शिकतो.

नव्या साधनांच्या बाबतीत मात्र सोलापूर मागासलेले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९८३ साली निघालेल्या येथील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापकांनी आपल्या विषयांचे लहान लहान व्हिडिओ पाठ मोठ्या संख्येने तयार करून युट्यूबवर सर्वांसाठी खुले ठेवले. त्या पाठांची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभी ह्या पाठातून काय शिकायचे ते सांगितलेले असते. मध्येच एक प्रश्न येतो आणि व्हिडिओ थांबवून विचार करा अशी सूचना येते. मग उत्तर, आणि शेवटी संदर्भ. तासभराच्या व्याख्यानाचे नुसते चित्रण करण्यापेक्षा ही रीत शिकणाऱ्याचा अधिक आदर करणारी आहे. शालेय शिक्षणात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे त्या वेळचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यू.आर. कोड छापून त्यामागे पाठ ठेवण्याचे काम केले आणि २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले.

म्हणजे कौशल्य जिल्ह्यात आहे. तरीही अभियांत्रिकीचे हे पाठ इंग्रजीत आहेत, आणि आपल्या बहुसंख्य मुलांचे शिक्षण कला व वाणिज्य शाखांत, मराठी माध्यमात होते. त्यांच्या विषयांवर मराठीत, काळजीपूर्वक केलेले पाठ फार थोडे आहेत. शिवाय सोलापुरात मराठी ही सर्वांची घरची भाषा नाही. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कानडी. तांड्यावर बंजारा बोली. कैकाडी आणि पारधी ह्यांच्या बोली आणखी वेगळ्या. वर्गातला शिक्षक मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखतो की शब्द पोहोचला नाही, आणि दुसरा शब्द वापरतो. पडद्याला हे कळत नाही.

डेटाचा हिशेब

समतेची भाषा बोलताना साधा हिशेबही करावा लागतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ साली देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के, तर शहरी भागात २३.४ टक्के घरांत होता. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि महाविद्यालये एका दिवसात पडद्यावर गेली, तेव्हा आपला पाया हा होता. त्यानंतर मोबाईलवरचे इंटरनेट पुष्कळ पसरले आहे. पण मोबाईल घरात असणे आणि तो विद्यार्थ्याच्या हातात असणे ह्यांत अंतर आहे. बाप कामावर जाताना फोन घेऊन जातो. उरलेला एक फोन तीन भावंडांत वाटला जातो, आणि त्या वाटणीत मुलीचा क्रमांक बहुधा शेवटी लागतो.

आता थेट वर्गाचा खर्च पाहू. सेकंदाला एक मेगाबिट ह्या गतीने चालणारा व्हिडिओ वर्ग तासाला ४५० एम.बी. डेटा घेतो. असे चार तास झाले की १,८०० एम.बी. होतात, दिवसाला दीड जी.बी. देणारे रिचार्ज चौथ्या तासात संपते. तेच व्याख्यान केवळ आवाजात, ३२ किलोबिट गतीने नोंदले, तर एका तासाला सुमारे साडेचौदा एम.बी. पुरतात. बारा मिनिटांचा आवाजी पाठ तीन एम.बी.त बसतो. युनिकोडमध्ये टंकलेली वीस पाने एक एम.बी.च्या आठव्या भागाइतकी जागा घेतात. त्याच वीस पानांचे फोटो काढून पाठविले तर वीस-तीस एम.बी. सहज होतात. प्राध्यापकाने कोणते साधन निवडावे हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण तो निर्णय वर्गात कोण राहणार आणि कोण बाहेर पडणार हे ठरवीत असतो.

एक अभ्यासपत्रिका कशी शिकवावी?

बी.ए.च्या वर्गाला दलित साहित्याची एक अभ्यासपत्रिका पंधरा आठवडे शिकवायची आहे असे समजू. वर्गात साठ विद्यार्थी आहेत. काही बिड्या वळणाऱ्या घरांतले, काही कारखान्यात पाळीने जाणारे, आणि काहींचे आईवडील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला जाणारे. सर्वांनी दररोज अकरा वाजता पडद्यासमोर बसावे ही अपेक्षा येथे व्यर्थ आहे. म्हणून पाया नोंदलेल्या पाठाचा असावा. आठवड्याला दहा-बारा मिनिटांचे दोन आवाजी पाठ, पाच-सहा पाने मजकूर आणि एक प्रश्न, एवढे पुरे. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. महाविद्यालयाने आपली वेळ कामकऱ्याच्या वेळेशी जुळवून घ्यावी, हे तत्त्व त्यात होते. नोंदलेला पाठ हे त्याच तत्त्वाचे पुढचे पाऊल ठरू शकते.

थेट भेट मात्र सोडू नये. आठवड्यातला एक तास समोरासमोरच्या वर्गाचा असावा, आणि त्या तासात व्याख्यान देऊ नये. व्याख्यान मुलांनी आधीच ऐकलेले आहे. तो तास वादासाठी, वाचनासाठी, अडलेल्या शब्दांसाठी ठेवावा. ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. त्यातले हन्नूर आपल्या जिल्ह्यातले आहे. वर्गातल्या एखाद्याचे आजोळ त्याच पंचक्रोशीतले असेल. तो विद्यार्थी त्या पुस्तकाविषयी जे सांगेल, ते कोणत्याही व्यासपीठावर नोंदलेले नाही.

ऑनलाइन जगात आपल्या अभ्यासासाठी जे खरोखर मोलाचे आहे ते शोधून मुलांपुढे ठेवणे, हे शिक्षकाचे काम आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आता फुकट वाचता येतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस प्रिचेट ह्या प्राध्यापिकेने ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणाची टिपांसह ऑनलाइन अभ्यास-आवृत्ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली, ज्या विद्यापीठात बाबासाहेब शिकले तेथेच त्यांचे पुस्तक असे शिकविले गेले. आणि सर्वांत महत्त्वाचा ठेवा ओव्यांचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां ह्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या कितीतरी ओव्या आहेत. २०१७ पासून हा संग्रह पारी ह्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहे, आणि कितीएक ओव्या गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकता येतात. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही तिचा आवाज आज विद्यापीठाच्या अभ्यासपत्रिकेत पाठ म्हणून लावता येतो. नव्या साधनाचे एवढे एकच काम असते तरी ते आपण स्वीकारावे असे मी म्हटले असते.

ह्यातून स्वाध्यायाची दिशाही मिळते. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नाचे उत्तर आता यंत्र क्षणात लिहून देते, आणि ते उत्तर जसेच्या तसे पाठविण्याचा मोह कुणालाही होईल. पण आपल्या आजीची ओवी मोबाईलवर नोंदवून आण, ती लिहून काढ, तिच्यातल्या पाच शब्दांचा अर्थ वस्तीत विचारून लिही, असा स्वाध्याय दिला तर यंत्राला तो करता येत नाही. बोलून टंकणारी साधने प्रमाण मराठीला सरावलेली असतात. आजीच्या बोलीतला शब्द ती बदलून टाकतात. तो बदल विद्यार्थ्याला मुद्दाम दाखवून द्यावा. भाषेत प्रमाण कोण ठरवते ह्यावर दहा व्याख्याने देण्यापेक्षा हा अनुभव अधिक शिकवून जातो.

पडद्यावरची जात

पडद्यावर जात दिसत नाही, हा एक भोळा समज आहे. प्रत्यक्षात थेट वर्गात प्रत्येक चौकटीखाली आडनाव ठळक लिहिलेले असते. कॅमेरा सुरू केला की मागची पत्र्याची भिंत, भिंतीवरची तसबीर आणि घरातला आवाज साऱ्या वर्गासमोर येतो. म्हणून कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये, आणि तो बंद असला म्हणून विद्यार्थी बेफिकीर आहे असा निष्कर्ष काढू नये. व्हॉट्सॲपच्या गटातही कोण बोलते आणि कोण गप्प राहते ह्याकडे शिक्षकाचे लक्ष हवे.

शिक्षकाचा पूर्वग्रह तर पडद्यावरून अधिकच उघडा होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये खरगपूरच्या आय.आय.टी.त अनुसूचित जाती-जमाती व अपंग विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारी वर्गाला ऑनलाइन शिकवताना एका प्राध्यापिकेने मुलांना शिवीगाळ केली. असा अपमान आपल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्गांत सोसलेला आहे. ह्या वेळी फरक एवढाच, की त्याचे चित्रण झाले होते, ते देशभर पसरले, आणि संस्थेला प्राध्यापिकेस निलंबित करावे लागले. पूर्वी ‘असे काही घडलेच नाही’ म्हणून तक्रार मिटवता येत असे. नोंदीचे हत्यार असे दुधारी आहे: ते विद्यार्थ्यावर पाळत ठेवते आणि त्याचा साक्षीदारही होते. वर्गाची नोंद कुणाकडे राहणार, किती दिवस राहणार आणि विद्यार्थ्याला ती मिळणार की नाही, हे नियम आधी ठरवून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

परीक्षेचा विचारही येथे केला पाहिजे. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा आवश्यक ठरविल्या, आणि त्या वर्षी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी त्या मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांनी ऑनलाइन घेतल्या. संकटकाळातली ती तोड होती. पण पर्यायावर टिचकी मारण्याची सवय जर कायमची झाली, तर आपल्या मुलांना सलग चार पाने स्वतःचे म्हणणे लिहिण्याचा सराव कुठे मिळणार? बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या उत्तरांत, विद्यापीठाने नुसते परीक्षा घेणारे मंडळ राहू नये, त्याने शिकवले पाहिजे, असा आग्रह धरला होता. तो आग्रह आज पुन्हा धरावा लागणार आहे.

झिरपणीचा जुना सिद्धान्त

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी सरकारच्या एका समजुतीवर हल्ला चढविला होता. वरच्या वर्गांना उच्चशिक्षण दिले की ज्ञान हळूहळू खाली झिरपेल, ही ती समजूत. शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि खाली काहीच येत नाही, हे जोतीरावांनी दाखवून दिले. आज सांगितले जाते की, एका नामवंत संस्थेतला पाठ व्यासपीठावर ठेवला की तो देशभर पोहोचेल. हा त्याच सिद्धान्ताचा नवा अवतार आहे. तारेतून पाठ येईल. शिक्षण आपोआप झिरपणार नाही.

ह्याला नोकरीचीही बाजू आहे. महाविद्यालयातला प्राध्यापक ही दलित समाजातून वर आलेल्या पहिल्या पिढ्यांना मिळालेली मोठी जागा होती. ती जागा राखीव बिंदूवर मिळते, आणि बिंदू पदांवर मोजले जातात. चाळीस टक्के श्रेयांक दुरून आले आणि त्या प्रमाणात अध्यापनाचा भार कमी धरला गेला, तर पदे कमी होतील. पदे कमी झाली की राखीव जागाही जातील. व्यासपीठावरच्या पाठाला मात्र आरक्षण नाही. म्हणून ऑनलाइन श्रेयांकांमुळे कोणतेही पद कमी होणार नाही, ही हमी प्राध्यापक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी मिळून मागितली पाहिजे.

काय मागावे?

नव्या साधनांना विरोध करून ती थांबणार नाहीत, आणि थांबावीत असेही नाही. आपण त्यांच्यामागे वसतिगृह उभे करण्याची मागणी केली पाहिजे. प्रत्येक तालुक्याला, महाविद्यालयात किंवा समाजकल्याणच्या वसतिगृहात, रात्री दहापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असावी. तेथे संगणक, फुकट इंटरनेट आणि शंका सोडवणारा एक पगारी मार्गदर्शक असावा. शिष्यवृत्तीच्या रकमेत डेटाचा खर्च वेगळा धरला जावा. विद्यापीठाने आपले मराठी पाठ मुक्त परवान्याने, आवाज आणि मजकूर ह्या दोन्ही रूपांत द्यावेत. ते करणाऱ्या शिक्षकांत आपल्या वस्त्यांतून आलेले शिक्षक असावेत.

कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वस्तीतले विहार संध्याकाळी रिकामे असते. तेथे एक इंटरनेट जोडणी, जुने दोन संगणक, आणि पदवी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी रोज दोन तास बसली, तर दहा विद्यार्थी एकत्र पाठ ऐकू लागतील आणि ऐकून झाल्यावर भांडू लागतील. १९२५ च्या वसतिगृहातल्या मुलांनी मिळालेली विद्या पोटात ठेवली नाही. त्यांनी स्वतःचे मासिक काढले. आपल्या विद्यार्थ्यांनीही पडद्यावरचा पाठ ऐकून थांबू नये. आपल्या वस्तीचा, आपल्या बोलीतला पाठ त्यांनी स्वतः तयार करून त्या पडद्यावर चढवावा. त्या दिवशी हे साधन आपले झाले असे म्हणता येईल.